सोडू का आत?

मुंबईतल्या कांदिवलीच्या चारकोपमध्ये झेरॉक्सचे दुकान शोधावे लागत नाही. सेक्टरच्या मार्केटकडे वळले की पाट्या दिसू लागतात: झेरॉक्स, कलर प्रिंट, लॅमिनेशन, पॅन कार्ड, ऑनलाइन फॉर्म. अकरावीच्या प्रवेशाचे दिवस असले की काउंटरवर पालकांची गर्दी होते. कोणी पेन ड्राइव्ह पुढे करतो, कोणी ‘व्हॉट्सअ‍ॅपला टाकते, नंबर सांगा’ म्हणते, कोणी मेलचा पासवर्डच चिठ्ठीवर लिहून आणलेला असतो. काउंटरमागचा मुलगा पेन ड्राइव्ह लावतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून एक पॉप-अप वर येतो, इंग्रजीत काहीतरी विचारतो, आणि तो वाचून होण्याआधीच मुलाने त्यावर क्लिक केलेले असते. त्याचे लक्ष मार्कशीटच्या किती प्रती काढायच्या, याकडे असते.

या मुलाला बेफिकीर ठरवणे सोपे आहे. सायबर सुरक्षेवरची बहुतेक व्याख्याने तिथेच सुरू होतात आणि तिथेच संपतात: लोक वाचत नाहीत, लोक कशावरही क्लिक करतात, लोकांना शिकवायला हवे. पण त्या पॉप-अपमध्ये नेमके काय विचारलेले असते, हे एकदा शांतपणे पाहायला हवे. ‘ही फाइल अनोळखी आहे. चालू द्यायची की अडवायची?’ याचे खरे उत्तर त्या मुलाकडे नाही. दुकानाच्या मालकाकडे नाही, पेन ड्राइव्ह आणणाऱ्या बाईंकडे नाही. ज्या सॉफ्टवेअरने प्रश्न विचारला त्याच्याकडेही नाही. म्हणून तर त्याने विचारले. ज्याला माहीत असण्याची शक्यता सर्वांत कमी आणि ज्याला घाई सर्वांत जास्त, त्याच्यापुढे प्रश्न ठेवायचा आणि पुढे काही बिघडले तर ‘तुम्हीच परवानगी दिली होती’ म्हणायचे, अशी ही रचना आहे. ती बदलायला हवी.

सॉफ्टवेअरला स्वतःला का कळत नाही, याला एक भक्कम कारण आहे. फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली कॉम्प्युटर व्हायरसवरचा आपला शोधनिबंध मांडला. कुठल्याही प्रोग्रॅमकडे बघून ‘हा व्हायरस आहे की नाही’ हे दर वेळी अचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिताच येणार नाही, हे त्यात सिद्ध केलेले होते. युक्तिवाद साधा आहे. समजा असा सर्वज्ञ परीक्षक तयार झाला. मग एखादा प्रोग्रॅम त्यालाच आपल्या पोटात घेईल आणि स्वतःबद्दल त्याचे मत विचारील. परीक्षक ‘व्हायरस आहे’ म्हणाला तर तो गप्प बसेल. ‘नाही’ म्हणाला तर पसरायला लागेल. म्हणजे परीक्षक दोन्हीकडून चुकणार. हा दोष एखाद्या कंपनीचा नाही, गणिताचीच तशी मर्यादा आहे. म्हणून प्रत्येक अँटीव्हायरस शेवटी अंदाज करतो, आणि अंदाजाच्या कडेला एक धूसर पट्टा उरतोच.

सुरुवातीच्या काळात हा पट्टा अरुंद होता. पुण्यातल्या क्विक हीलची गोष्ट त्या काळाची आहे. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करत. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटरचे शिक्षण घेत होते. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांमध्ये व्हायरस सापडू लागले, तसे संजय यांनी ते काढण्याचे छोटे प्रोग्रॅम लिहिले, आणि त्यातून १९९५ साली क्विक हील बाजारात आले. त्या पहिल्या वर्षांत व्हायरस फ्लॉपीवरून हळूहळू फिरत. नमुना हाती यायचा, त्याची खूण ठरायची, उतारा लिहिला जायचा. ओळखला तर पकडला, साफ केला, संपले. माणसाला विचारण्याजोगे त्यात फारसे काही नव्हते.

आज जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही चाचणी संस्था रोज साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक आणि नको असलेल्या प्रोग्रॅमची नोंद करते. यातले असंख्य नमुने यंत्रानेच थोडेसे बदलून काढलेले असतात, म्हणजे प्रत्येकाची खूण वेगळी. तेव्हा ओळखीचे चोर पकडण्याचा मार्ग पुरेनासा झाला आणि कंपन्या पत पाहू लागल्या. ही फाइल जगात आणखी किती मशिनांवर आहे? ती कधीपासून दिसते आहे? तिच्यावर कोणाची डिजिटल सही आहे? मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्मार्टस्क्रीन ही तपासणी थेट विंडोजमध्येच आणली, तेव्हापासून तो निळा पडदा सगळ्यांच्या ओळखीचा झाला. त्यावर ‘विंडोजने तुमचा पीसी वाचवला’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य असते, आणि ‘मोअर इन्फो’ दाबले की ‘रन एनीवे’चे बटण उगवते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. ‘अनोळखी’ म्हणजे वाईट नव्हे. अनोळखी म्हणजे आमच्या वहीत नाही. काल रात्री कांदिवलीच्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रोजेक्टसाठी लिहिलेला प्रोग्रॅम अनोळखी असतो, आणि काल रात्रीच कोणी लूटमारीसाठी बनवलेला प्रोग्रॅमही अनोळखी असतो. पॉप-अप दोघांपुढे एकच वाक्य बोलतो.

चारकोपच्याच वस्तीकडे पाहिले तर याहून शहाणा प्रश्न कसा असतो ते दिसते. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ पासून राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने इथे छोटे भूखंड आखले, रस्ते, पाणी, गटारे दिली आणि घरे लोकांनी आपापल्या ऐपतीने बांधली. मधल्या मोकळ्या अंगणाभोवती सुमारे ३५ घरांची एक सोसायटी, अशी ती मांडणी. परका माणूस अंगणात आला की चार दारांतून ‘कोण पाहिजे?’ असे विचारणारे कोणीतरी असे. आता टॉवर झाले, गेटवर वॉचमन आला, इंटरकॉम आला, काही ठिकाणी मोबाइल अ‍ॅप आले. वॉचमन वर फोन लावतो: ‘मावशी, कुरिअरवाला आलाय, सोडू का आत?’ मावशींनी काही मागवले आहे की नाही, हे जगात फक्त मावशींनाच ठाऊक असते. प्रश्न अचूक जागी जातो. त्या माणसाचे ओळखपत्र खरे आहे का, त्याच्यावर कुठे गुन्हा आहे का, हे वॉचमन मावशींना विचारत नाही, आणि विचारले तर त्या काय सांगणार? सुरक्षा सॉफ्टवेअर मात्र नेमके तेच विचारत आले आहे.

या सवयीचा इतिहास फार जुना नाही. दोन हजारच्या आसपास घरोघरच्या कॉम्प्युटरवर झोनअलार्मसारखे फायरवॉल आले. कुठलाही प्रोग्रॅम इंटरनेटकडे जाऊ लागला की ते थांबवून विचारत. नावे अशी की भल्याभल्यांना उलगडू नयेत. एकदा ‘नाही’ म्हटले आणि इंटरनेटच बंद पडले, की माणूस पुढच्या वेळी ‘हो’ म्हणायला शिकतो. मग २००७ च्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा आली आणि तिच्याबरोबर परवानगी मागणारा तो काळवंडणारा पडदा आला. सेटिंग बदला, परवानगी. प्रिंटर जोडा, परवानगी. लोक वैतागले. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने जाहीर परिषदेत सांगितले की लोकांना त्रास व्हावा हाच हेतू होता. लोक ओरडले म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या ऊठसूट जादा अधिकार मागणे थांबवतील. कंपन्यांवर दबाव आला हे खरेच. पण तो दबाव आणण्यासाठी कोट्यवधी माणसांचा हात वापरला गेला, आणि त्या हाताला न वाचता ‘हो’ दाबण्याची सवय लागली ती लागलीच.

सवयीचा हा भाग प्रयोगशाळेतही तपासला गेला आहे. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून सुरक्षेच्या सूचना दाखवल्या. त्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीच सूचना दुसऱ्यांदा दिसली, तेव्हाच मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागातला प्रतिसाद ठळकपणे घसरला होता. शंभराव्यांदा नव्हे, दुसऱ्यांदा. म्हणजे झेरॉक्सवाल्या मुलाचे डोळे पॉप-अपवरून जातात तेव्हा तो पाहण्याचे टाळत नसतो; त्याच्या मेंदूने ते चित्र केव्हाच जुन्या सामानात टाकलेले असते. हा स्वभावाचा दोष म्हणता येत नाही.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती सांगायलाच हवी. २०१३ मध्ये देवदत्त आखवे आणि एड्रियन पोर्टर फेल्ट यांनी क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरमधल्या अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांचा अभ्यास केला. घातक साइट आणि फसव्या साइटबद्दलचे इशारे धुडकावून पुढे जाणारे लोक चौथ्या हिश्श्याहूनही कमी निघाले. म्हणजे ‘लोक ऐकतच नाहीत’ हा समज खोटा ठरला. मात्र साइटच्या प्रमाणपत्रातली गडबड सांगणारा इशारा क्रोममध्ये सुमारे ७० टक्के वेळा ओलांडला गेला, तर फायरफॉक्समध्ये साधारण ३३ टक्के वेळा. धोका तोच. फरकाचे एक कारण इशाऱ्याची मांडणी. घर नीट बांधले तर लोक दार वापरतात, असे यातून दिसते. मग बिघाडाची जबाबदारी बांधणाऱ्यावर टाकायला कोणाची हरकत असू नये.

पण मांडणी सुधारली तरी एक मोठा प्रश्न उरतो. ‘हो’ म्हणायला लोकांना शिकवले कोणी?

चारकोपच्या शासकीय औद्योगिक वसाहतीत लहान लहान गाळ्यांमध्ये कारखाने आहेत, आणि त्यांचे हिशेब पाहणारे अकाउंटंट आणि कर सल्लागार आसपासच बसतात. त्यांच्या टेबलावर काय चालते ते पाहण्यासारखे आहे. आयकर विभागाची विवरणपत्रे भरण्याची एक्सेल युटिलिटी घ्या. ती सरकारी साइटवरून उतरवायची, उघडायची आणि मॅक्रो, म्हणजे फाइलीतच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, सुरू करायचे. मॅक्रो सुरू केले नाहीत तर ती चालतच नाही. जीएसटीच्या काही ऑफलाइन साधनांचेही तसेच. २०२२ पर्यंत एक्सेल वर पिवळी पट्टी दाखवून सांगत असे की मॅक्रो बंद ठेवले आहेत, त्यात धोका असू शकतो. आणि शासनाची सूचना सांगत असे: ‘एनेबल कंटेंट’ दाबा. जीएसटी विवरणपत्रावर डिजिटल सही करायची तर एमसाइनर नावाचे साधन लागते. ते अडले की उपाय ठरलेला: ब्राउझरमध्ये आपल्याच मशिनचा पत्ता उघडायचा, लाल इशारा येतो, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ दाबायचे, आणि ‘असुरक्षित’ असे स्पष्ट लिहिलेल्या दुव्यावर क्लिक करून पुढे जायचे. हा उपाय कर सल्लागारांच्या ऑफिसातल्या नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात पाठ होतो. शेवटची तारीख जवळ आलेली, साइट हळू, क्लायंट डोक्यावर बसलेला. अशा वेळी इशारा म्हणजे कामातला अडथळा, आणि तो ओलांडता येणे म्हणजे कौशल्य.

हेच मॅक्रो १९९९ च्या मेलिसा व्हायरसपासून लुटारूंचे आवडते हत्यार होते. बिलाच्या नावाने एक्सेल फाइल यायची आणि आत लिहिलेले असायचे: मजकूर दिसत नसेल तर ‘एनेबल कंटेंट’ दाबा. शब्दन् शब्द सरकारी सूचनेसारखा. अकाउंटंटने दोन्हींत फरक कसा करावा?

खाजगी बाजारही मागे नाही. छपाईच्या कामाला लागणाऱ्या मराठी फॉन्टच्या आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती वर्षानुवर्षे पेन ड्राइव्हवरून फिरत आल्या. त्यांच्याबरोबर येणाऱ्या कागदावर पहिली ओळ बहुधा हीच: आधी अँटीव्हायरस बंद करा. मूळ किंमत परवडत नाही म्हणून चोरटी प्रत, आणि चोरट्या प्रतीसाठी कुंपणच उघडे. जुन्या मशिनांचे, लेबल प्रिंटरचे, बारकोड वाचणाऱ्या यंत्रांचे ड्रायव्हर विकणारे लोकही असेच सांगतात: मेसेज येईल, घाबरू नका, ‘रन एनीवे’ करा. ज्या माणसाकडून यंत्र विकत घेतले, जो बसवायला येतो, ज्याच्यावर विश्वास आहे, तोच इशाऱ्याची किंमत शून्यावर आणून जातो.

मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २००९ मध्ये मांडले होते की सुरक्षेचे सल्ले न पाळणारा माणूस मूर्ख नसतो; त्याने हिशेब केलेला असतो. सल्ला पाळायला रोज वेळ जातो, आणि नुकसान क्वचितच कोणाला होते. मुंबईच्या उपनगरात लोकलची वेळ सांभाळून जगणाऱ्या माणसाला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

मोबाइलवर मात्र हा हिशेब बदलला, कारण तिथे नुकसान क्वचित राहिलेले नाही. काही वर्षांपूर्वी मेसेज यायचे: वीजबिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन कापू. मग गॅस बिलाच्या नावाने, वाहनाच्या चलानाच्या नावाने, पीएम किसानच्या नावाने आणि लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप बसवणाऱ्या, फाइली फिरू लागल्या. लग्नपत्रिका तर ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण ज्याचा फोन आधी ताब्यात गेला त्याच्या संपर्कयादीतल्या सगळ्यांना ती आपोआप जाते.

या फसवणुकीचा एक प्रवास टप्प्याटप्प्याने पाहू. फाइलवर बोट ठेवले की अँड्रॉइड थांबवते: सुरक्षेसाठी या ठिकाणाहून अनोळखी अ‍ॅप टाकता येणार नाही. खाली ‘सेटिंग्ज’. तिथे गेले की एक खटका, ‘अलाउ फ्रॉम धिस सोर्स’. तो सरकवला, मागे आले, ‘इन्स्टॉल’. मग गूगलच्या प्ले प्रोटेक्ट या तपासणीचा इशारा. ‘मोअर डिटेल्स’, ‘इन्स्टॉल एनीवे’. अ‍ॅप उघडले की ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागते, आणि काही अ‍ॅप्स अपंगांसाठी असलेली अ‍ॅक्सेसिबिलिटीची सोयही मागतात, जिच्यामुळे पडदा वाचता येतो आणि बटणे दाबता येतात. मोजून पाच-सहा ठिकाणी फोनने विचारले, आणि पाच-सहा वेळा ‘हो’ मिळाला. कागदावर ही भक्कम तटबंदी दिसते.

प्रत्यक्षात अनेकदा त्या वेळी फोनच्या दुसऱ्या टोकाला चोर बोलत असतो. ‘काका, आता सेटिंग्ज दाबा. खाली एक बटण दिसेल, ते निळं करा. हो, तो मेसेज सगळ्यांनाच येतो, गॅस कंपनीचं नवीन अ‍ॅप आहे ना.’ पडद्यावरची सूचना इंग्रजीत, चोराचे बोलणे गोड आणि आपल्या भाषेत. सूचनेचा अर्थ लावून देण्याचे काम चोरच करतो. अशा वेळी पॉप-अपची संख्या पाचावरून दहावर नेली तरी उपयोग होणार नाही. काका दहा बटणे दाबतील, चोर दहा वेळा धीर देईल. सेवानिवृत्त माणूस, मुले परगावी, बिल तुंबले तर नामुष्की वाटणारी पिढी. त्यांची ही सज्जन घाई हीच चोराची पुंजी असते, आणि म्हणून या प्रकारात नंतर काकांनाच बोल लावणारे लोक ऐकले की राग येतो.

आणि मोठ्या घटनांमध्ये तर कोणाला विचारलेच गेले नव्हते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा हल्ला पसरला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामकाज कोलमडले. कंटेनरचा माग लावणारी यंत्रणाच बंद पडली. तो हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला होता, म्हणजे विश्वासू दारातून. पुढच्या वर्षी ११ आणि १३ ऑगस्टला पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एटीएम व्यवहारांची शहानिशा करणाऱ्या यंत्रणेलाच चोरांनी बगल दिली होती, आणि २८ देशांत बनावट कार्डांनी पैसे काढले गेले. उरणच्या क्रेन ऑपरेटरने किंवा पुण्यातल्या खातेदाराने कुठले बटण दाबले नव्हते. तेव्हा सगळी सुरक्षा वापरणाऱ्याच्या बोटावर अवलंबून आहे, हे सांगणे खरेही नाही.

मग एक उत्तर सुचते: विचारूच नका, अनोळखी दिसले की अडवा. ते मोहक आहे, पण त्याची किंमत मोठी आहे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस समजून अडकवली आणि जगभर मशिने पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिने ठप्प केली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. रखवालदाराला सर्वाधिकार दिले की त्याची चूकही सर्वदूर जाते.

आणि चूक झाली नाही तरी एक अन्याय राहतोच. पत पाहून निर्णय करणारी व्यवस्था मोठ्यांना सलाम करते. सहीच्या प्रमाणपत्राला दर वर्षी पैसे लागतात, आणि नव्या सॉफ्टवेअरला पत मिळायला आधी हजारो लोकांनी ते उतरवावे लागते. पण निळा पडदा पाहून लोक ते उतरवत नाहीत. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहून दहा सोसायट्यांना देणारा मुलगा या फेऱ्यात अडकतो. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की प्ले स्टोअरच्या बाहेरून अँड्रॉइड अ‍ॅप देणाऱ्यांनाही ओळख नोंदवावी लागेल. सुरुवात २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. कोणाचे सॉफ्टवेअर चालावे हे एका कंपनीच्या नोंदवहीने ठरवणे, ही लहान गोष्ट नव्हे.

मार्ग सगळे विचारत बसणे आणि सगळे अडवणे या दोहोंच्या मध्ये आहे, आणि त्याची काही पावले आधीच पडलेली आहेत. पेन ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याची विंडोजची सोय वर्षानुवर्षे व्हायरसांना रान मोकळे करून देत होती. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही अपडेटने ती बंद केली. कोणाला काही विचारले नाही. त्या मार्गाने पसरणाऱ्या व्हायरसांचे प्रमाण काही महिन्यांत निम्म्याहून खाली आले. २०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवले जाऊ लागले. पिवळ्या पट्टीवरचे सोपे बटण गेले आणि त्याजागी मुद्दाम अवघड वाट आली. लुटारूंना दुसऱ्या युक्त्या शोधाव्या लागल्या. धोकादायक आणि क्वचितच लागणारी गोष्ट मुळात बंद ठेवणे, हे सगळ्यांना विचारत बसण्यापेक्षा फार परिणामकारक ठरले.

मोबाइलवर गूगलने फेब्रुवारी २०२४ मध्ये सिंगापूरमध्ये प्रयोग सुरू केला: ब्राउझरमधून किंवा चॅटमधून आलेले अ‍ॅप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीचा अधिकार मागत असेल, तर ते थेट रोखायचे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो भारतातही आणण्याची घोषणा झाली. लग्नपत्रिकेला एसएमएस कशाला वाचायचे, हा प्रश्न काकांना विचारण्याची गरजच नाही. यंत्राला तो स्वतःला विचारता येतो. मे २०२५ मध्ये आणखी मोलाची घोषणा झाली. संपर्कयादीत नसलेल्या माणसाशी कॉल चालू असताना फोनने अशा नाजूक परवानग्या देऊच नयेत, अशी ती सोय. फोनने इथे फाइलीकडे पाहण्याआधी परिस्थितीकडे पाहिले: कोणीतरी कानाशी लागून बटणे दाबायला सांगत असावे. हा विचार गेटवरच्या वॉचमनच्या जवळ जातो.

म्हणून विचारायचेच असेल तर मावशींना माहीत असलेले विचारावे. ‘ही फाइल तुम्ही मागवली होती का?’ ‘पाठवणाऱ्याला तुम्ही स्वतः फोन करून खात्री केली का?’ ‘आत्ता कोणी तुम्हाला हे करायला सांगते आहे का?’ फोन ज्याच्या हातात आहे त्याच्या भाषेत. आणि ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्याबरोबर तिसरे बटण हवे: ‘उद्या’. लग्नपत्रिका उद्या उघडली तर कोणाचे लग्न मोडत नाही, पण चोराचा बहुतेक खेळ घाईवर चालतो, आणि एका रात्रीत तीच फाइल हजार ठिकाणी दिसून तिची कुंडली कळलेली असते. सरकारी खात्यांनी आपल्या युटिलिटीतून मॅक्रो हद्दपार करावेत आणि ‘इशारा ओलांडा’ ही सूचना आपल्या पानांवर राहू देऊ नये. हे खर्चाचे काम नाही, निर्णयाचे आहे.

शेवटी पैशाचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, खातेदाराची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी केलेल्या फसवणुकीची माहिती तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला दिली तर खातेदारावर भार पडत नाही. खातेदाराच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असतील तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. आणि जबाबदारी खातेदाराची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या परिपत्रकाच्या आधारे बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे ७६ लाखांहून अधिक रुपये परत करायला सांगितले. पण गॅस बिलाच्या एपीकेला बळी पडलेल्या माणसाच्या तक्रारीत ‘तुम्हीच परवानगी दिलीत’ हे वाक्य अजून निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून पुढे येते. पाच इंग्रजी पॉप-अप, कानाशी चोर, आणि वाचायला मिळालेले काही सेकंद, या सगळ्याला संमती म्हणायचे का, हे ठरायचे आहे. अँटीव्हायरस अशा घटनांची नोंद ठेवतो: कुठला इशारा केव्हा दाखवला, काय उत्तर मिळाले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणाऱ्या माणसाला ही नोंद मिळाली पाहिजे, आणि अर्जावर ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ असा शेरा मारण्याआधी बँकेने ती वाचली पाहिजे.